बोलता बोलता गाणं

"पात्रं किती गं?" दुसरी घंटा झाली तसं आत्यानं विचारलं.

"दोनच. दोघी बायका."

"आणि गाणार कोण?"

"त्याच दोघी."

आत्या गप्प झाली. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सगळा संसार तिनं फलटणच्या बाजूच्या एका खेड्यात केला. संगीत नाटक म्हटलं की तिला आठवतात लहानपणी जत्रेत पाहिलेले रात्रभराचे प्रयोग: पडद्याच्या कडेला पेटीवाला आणि तबलजी, पिठूळ उजेड, शालू नेसून गाणारे पुरुष. आता ती आमच्या तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवरच्या नाट्यगृहात, मधल्या रांगेत शाल लपेटून बसली होती. 'संगीत देवबाभळी'चा दौरा आमच्याकडे आला होता.

तिनं तो प्रश्न सहज विचारला. मला मात्र पडदा पडेपर्यंत तो सोडेना. मराठी रंगभूमीची पावणेदोनशे वर्षं या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरं शोधण्यात गेली आहेत. नाटकात गाणार कोण? आणि त्याच्या पोटात दडलेला दुसरा, मला अधिक ओढणारा प्रश्न: माणूस बोलता बोलता गायला लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

ज्यांनी हे नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेखन, दिग्दर्शन आणि नवी पदं प्राजक्त देशमुख यांची, संगीत आनंद ओक यांचं. दोघंही नाशिकचे. आधी एकांकिका होती. २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सनं ती दोन अंकी नाटकाच्या रूपात व्यावसायिक रंगभूमीवर आणली. देशमुखांना या नाटकासाठी २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. शुभांगी सदावर्ते यांनी आवली केली आणि मानसी जोशी यांनी लखूबाई.

आवली म्हणजे तुकोबांची बायको. गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तुकोबा भंडाऱ्या डोंगरावर जाऊन बसतात, आवली भाकरी घेऊन त्यांना शोधत चढते, वाटेत पायात बाभळीचा काटा जातो, आणि ज्याला ती उठता बसता शिव्या घालते तो विठ्ठलच येऊन तो काटा काढतो. लोककथा इथे थांबते. देशमुखांनी पुढचं विचारलं. काटा निघाला, पण पाय तर दुखावलेला आहे, बाई पोटुशी आहे, घरात करणारं कुणी नाही. मग विठ्ठल आवलीच्या शुश्रूषेला पाठवतो ती खुद्द रुक्मिणीला. लखूबाई हे नाव घेऊन ती देहूच्या घरात राहते. रंगमंचावर एवढ्याच दोघी. एकीचा नवरा देवापायी घर विसरलेला, दुसरीचा नवरा भक्तांपायी.

पहिल्या अंकात आवली कामाच्या नादात बोलत होती. सूर तक्रारीचा होता. वाक्यं तोडून, दमून, मध्येच नाक ओढत. मी तिचं म्हणणं ऐकत होते आणि एकदम माझ्या ध्यानात आलं की ती गाते आहे. कधीपासून? मागे जाऊन तो सांधा शोधू लागले तर सापडेना. सारवलेल्या अंगणात ओल्याचं सुकं कुठे होतं ते दाखवता येत नाही, तसं झालं होतं.

हा सांधा अदृश्य करणं किती कठीण आहे ते कळायला आधी घशात काय घडतं ते पाहावं लागेल. स्वरयंत्रात दोन नाजूक पट्ट्या असतात. फुप्फुसातली हवा वर येते तशा त्या एकमेकींवर आपटत थरथरतात. बायकांच्या साध्या बोलण्यात त्या सेकंदाला साधारण दोनशे वेळा उघडतात आणि मिटतात, पुरुषांच्या बोलण्यात सव्वाशेच्या आतबाहेर. बोलताना हा आकडा क्षणभरही स्थिर नसतो. "आलीस का?" एवढं म्हणताना तो चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. गाताना आपण त्याला एका जागी उभं करतो, मग दुसऱ्या ठरलेल्या जागी नेतो. बोलण्यात आवाज सतत उतारावरून वाहतो, गाण्यात तो पायऱ्यांवर टेकतो. आपलं संगीत तर त्यातही मींड वापरून पायरी आणि उतार दोन्ही एकाच वेळी साधतं. बोलण्यातून गाण्यात अलगद शिरायला मराठी नटीला घरचीच वाट मिळालेली आहे, असं मला वाटतं ते यामुळे.

दुसरा फरक श्वासाचा. बोलताना आपण दोन-तीन सेकंदांनी थांबतो आणि लक्षही न देता हवा घेतो. गाण्याची ओळ याच्या कितीतरी पट लांब असू शकते. तेव्हा नटीला वाक्य बोलत असतानाच पुढच्या पदाचा श्वास साठवायचा असतो, आणि तो साठवताना दिसला तर खेळ संपला. प्रेक्षकाला छाती भरलेली दिसते, त्याला कळतं की आता पद येणार, आणि आवली मावळून गायिका उरते. त्या रात्री मी दुसऱ्या अंकात मुद्दाम फक्त श्वासच पाहायचा ठरवलं. तीन वेळा ठरवलं आणि तिन्ही वेळा विसरले.

पण सगळं घशात घडत नाही. अर्धं आपल्या कानात घडतं, आणि याचा शोध कसा लागला ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. डायना डॉइश या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ १९९५ मध्ये स्वतःच्याच आवाजातलं एक ध्वनिमुद्रण तपासत बसल्या होत्या. त्यातला एक चार शब्दांचा तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा वाजत ठेवला आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. थोड्या वेळानं त्यांना वाटलं, खोलीत कुणीतरी बाई गाते आहे. आवाज त्यांचाच होता. मुद्रणात कणभरही बदल झालेला नव्हता. तेच बोलणं नुसत्या पुनरावृत्तीनं गाणं होऊन ऐकू येऊ लागलं होतं. पुढे त्यांनी आणि इतरांनी याचे रीतसर प्रयोग केले, आणि ते टिकले. पहिल्यांदा ऐकताना मेंदू अर्थामागे धावतो. चौथ्या-पाचव्या वेळी अर्थ हातात आलेला असतो, मग कान मोकळा होतो आणि त्या शब्दांत आधीपासून असलेले चढउतार त्याला ऐकू येऊ लागतात.

हे वाचलं तेव्हा मला पहिली आठवण आली ती वारीची. एकच नाम तासन् तास. आणि दुसरी आली जात्याची. जात्याचा खुंटा गोल फिरतो, तेवढ्याच अंतरानं पुन्हा त्याच जागी येतो, आणि बाई त्या फेऱ्यावर बोलू लागते. आईला, भावाला, पांडुरंगाला. ओवीला चाल म्हणावी तर अगदी तोकडी, पाच-सहा सुरांत मावणारी. बोलण्याच्या इतकी जवळ की पलीकडच्या खोलीतून ऐकणाऱ्याला वाटावं, दोघी गप्पा मारताहेत. आवलीच्या तोंडचं बोलणं कधी गाणं झालं ते मला कळलं नाही, कारण ज्या घरात ती उभी होती त्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते. गाणार कोण?

एसटीनं आमच्यापासून दोन-अडीच तासांवर सांगली आहे. तिथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून आपण त्या तारखेला मराठी रंगभूमी दिन पाळतो. भाव्यांच्या खेळात गाणार सूत्रधार. तो आणि त्याचे साथीदार पद्यात गोष्ट सांगत, आणि राम, सीता, रावण ही पात्रं मधल्या जागा आयत्या वेळी सुचेल तशा बोलून भरत. म्हणजे सीतेचं दुःख सूत्रधार गाणार, सीता ते ऐकत उभी राहणार. आज हे विचित्र वाटतं, पण कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात काही खटकलं नसेल. कीर्तनात बुवाच सगळ्यांच्या वतीनं गातात.

मग बळवंत पांडुरंग, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर आले. त्यांचा जन्म १८४३ चाच, भाव्यांच्या त्या खेळाच्या काही महिने आधीचा. पुण्यात एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा'चा खेळ त्यांनी पाहिला आणि असं मराठीत का होऊ नये, या विचारानं कालिदास हाती घेतला. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. सूत्रधार आला, नांदी झाली, आणि मग तो बाजूला सरला. शकुंतलेचं शकुंतला गाऊ लागली, दुष्यंताचं दुष्यंत. गाणं निवेदकाच्या गळ्यातून काढून दुःख ज्याचं आहे त्याच्या गळ्यात ठेवलं गेलं. किर्लोस्करांनी केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. त्या रात्री समोर बसलेल्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करू गेले की अंगावर काटा येतो. आणि त्यांनी चाली आणल्या कुठून? रागदारीतून, कीर्तनातल्या साकी-दिंडीतून, लावणीतून, कर्नाटकी पदांतून, बायकांच्या गाण्यांतून. प्रेक्षकाच्या कानात आधीच जे होतं तेच त्यांनी पात्रांच्या तोंडी दिलं. पदं शंभराच्या कितीतरी वर, म्हणून प्रयोग रात्रभर चालत. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं आणि ते अजून होतं आहे.

पण तरीही, शकुंतलेचं गाणारा पुरुषच होता. पुढे बालगंधर्वांनी रुक्मिणी अशी उभी केली की बायका त्यांच्यासारखं पातळ नेसू लागल्या. त्या थोरवीविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण बाईचं गाणं बाईच्या गळ्यातून यायला आणखी वेळ जावा लागला. स्त्रियांच्या मंडळ्या होत्या, १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर रंगमंचावर आल्या, १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे आल्या. त्याच 'आंधळ्यांच्या शाळे'त केशवराव भोळ्यांनी पदांची संख्याही कमी केली आणि लांबीही.

'देवबाभळी'तली रुक्मिणी गाते तेव्हा या सगळ्यावर एक वर्तुळ पुरं होतं असं मला मध्यंतरात वाटलं. किर्लोस्करांच्या रंगभूमीवर रुक्मिणी आली ती 'सौभद्र'मध्ये कृष्णाची राणी म्हणून, पुढे 'स्वयंवर'मध्ये नायिका म्हणून, आणि दोन्ही ठिकाणी पुरुषाच्या गळ्यानं गायली. इथे ती रुसलेली बायको आहे आणि स्वतःच गाते आहे.

तिचा रुसवाही लेखकाच्या मनचा नाही. पंढरपुरात विठ्ठल आणि रुक्मिणी एका गाभाऱ्यात उभे नाहीत. तिचा गाभारा वेगळा. का, तर द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहिलं आणि ती रागावून दिंडीरवनात निघून आली. तो तिला शोधत आला आणि पुंडलिकाच्या दारी विटेवर अडकला. दिंडीरवनात आजही लखूबाईचं देऊळ आहे, आणि रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या शोधात या देवीचा विचार केलेला आहे. म्हणजे नाटकातलं नावही पंढरीच्या मातीतलंच. नाव ऐकताच आत्यानं माझा दंड दाबला होता. तिला लखूबाई कोण ते सांगावं लागलं नाही.

बायकांनी हा रुसवा शतकानुशतकं जपला तो जात्यावर. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल-रुक्मिणीच्या संसाराच्या ओव्यांची रास आहे. रुक्मिणी जनीवरून भांडते, रुसून बसते, जेवायचं थांबते, आणि ओवी गाणारी बाई पुष्कळदा तिच्या बाजूनं बोलते. अभंग देवळात गेले, वहीत उतरले. या ओव्या पिठाबरोबर घरातच राहिल्या. त्या ओव्यांतली रुक्मिणी नाट्यगृहाच्या उजेडात उभी राहिलेली पाहणं हा माझ्यासाठी त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा आनंद होता.

आणि आवली? संतचरित्रांनी तिला कजाग करून ठेवलं. तिचं नाव जिजाई. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी, तुकोबांची दुसरी बायको. तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. नारायण हा मुलगा बाप गेल्यावर जन्मला, आणि त्याच नारायणबाबांनी १६८५ मध्ये देहूहून पंढरीला पालखीचा सोहळा सुरू केला. म्हणजे जिच्या तोंडी चरित्रांनी देवाला दिलेल्या शिव्या घातल्या, तिच्याच पोटी वारीची पालखी होती. हे ठाऊक असलं की नाटकातलं तिचं अवघडलेलं चालणं, कमरेला हात लावून उठणं निराळं दिसू लागतं.

नाटकात नव्या पदांच्या शेजारी तुकोबांचे अभंगही येतात. अभंगाच्या बांधणीत एक गोष्ट आहे ती मला इतकी आवडते की इथे थांबून सांगतेच. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक चौकात चार चरण. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चारच. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, प्रत्येक अक्षर सारखं लांबवून म्हणायचं. बोटांवर मोजत म्हणून पाहा. सहा, सहा, सहा, चार. शेवटी दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. ती रिकामी नाही. तिथे शेवटचं अक्षर लांबतं, टाळ वाजतो, चालणारा माणूस श्वास घेतो, मागचे ओळ झेलायला तयार होतात. ज्यांना दिवसाला पाच-सहा कोस चालत गायचं आहे त्यांच्या छातीच्या मापानं हा छंद शिवलेला आहे. आवली दोन अभंगांच्या मध्ये जिथे थांबते, हुंदका गिळते, तिथे नटीला वेगळी जागा काढावी लागत नाही. ती जागा छंदानंच मोकळी ठेवलेली असते.

आता मागच्या रांगेचा प्रश्न. ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा गायक नटाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा कसा? याचं एक उत्तर आपल्या कानातच आहे. कानाच्या पाळीपासून पडद्यापर्यंतची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. बासरीसारखीच तीही एका ठरावीक सुराला घुमते. सेकंदाला तीन हजारांच्या आसपास कंपनं असलेला ध्वनी तिच्यात आपोआप वाढतो, आणि त्या पट्ट्यात आपला कान विलक्षण तिखट असतो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी पाश्चात्त्य ऑपेरा गायकांच्या आवाजाचं पृथक्करण केलं तेव्हा नेमका याच भागात जोर साठलेला आढळला, जिथे वाद्यवृंदाचा आवाज उणा असतो. गायक वाद्यांशी ताकदीनं झुंजत नाही, तो वाद्यांनी सोडलेल्या फटीतून जातो. आपले जुने गायक नट चढ्या पट्टीत, मोकळ्या गळ्यानं, शब्द टिपेला नेऊन गात. त्यांचे गुरू सांगत ते "आवाज फेकायचा". अशोक रानडे यांच्यासारख्या अभ्यासकानं आवाजाची जोपासना हा विषय आपल्याकडे रुजवला तो या परंपरेच्या प्रेमातूनच.

माईक आला आणि हे सगळं पालटलं. पुष्कळ जाणते याचं दुःख करतात. मला त्यांचं दुःख समजतं, पण मी त्यात सामील नाही. चढ्या पट्टीत राजा गाऊ शकतो, मानिनी गाऊ शकते. दमलेली, पोटुशी, पायाला चिंधी बांधलेली बाई स्वतःशी गाते ते त्या पट्टीत कसं येईल? जात्याजवळचा तो खालचा, घरातला आवाज नाट्यगृहात आणायचा तर यंत्राची मदत घ्यावीच लागते. प्रत्येक काळ आपल्या साधनांनी कुणाला तरी गाता करतो. १९६० च्या दशकात जितेंद्र अभिषेकी 'मत्स्यगंधा', 'ययाती आणि देवयानी', 'कट्यार काळजात घुसली' करत होते, तेव्हाही जुन्या रसिकांना ते फार वेगळं वाटलं असणार. आज आपण त्यालाच परंपरा म्हणतो.

दुसऱ्या अंकात एकदा मी रंगमंचावरून नजर काढून प्रेक्षकांकडे पाहिलं. पुढे शाळेतल्या शिक्षकांचा घोळका होता, पलीकडे बाजार समितीतून थेट आलेले दोन-तीन जण, मागे कॉलेजची पोरं. सगळे एकसारखे निश्चल. अशा वेळी आपण म्हणतो की नाट्यगृहाचा श्वास एक झाला. हे म्हणणं कवितेपुरतं आहे असं मी समजत होते. पण स्वीडनच्या गोथेनबर्गला २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा ते ठोके गाण्याबरोबर एकमेकांच्या मेळात वेग घेताना आणि मंदावताना दिसले. कारण साधं आहे: सगळे एकाच जागी श्वास घेतात आणि सोडतात, आणि श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते. २०१७ मध्ये लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 'ड्रीमगर्ल्स' या संगीतिकेच्या प्रेक्षकांवर अशीच पाहणी केली. प्रेक्षक अवघे बारा, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण त्या बारा जणांची हृदयं, नुसतं बसून पाहत असताना, बरोबरीनं चढउतार करत होती. मी आत्याच्या मनगटावर हात ठेवला. नाडी बघायला ठेवला असं म्हणता येईल, पण तसं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. आत्याचे गुडघे लगेच उठू देत नाहीत. त्यामुळे एरवी दिसत नाही ते दिसलं. पाच मिनिटांपूर्वी जिथे देहूचं घर होतं, इंद्रायणीचा काठ होता, तिथे बनियन घातलेली चार मुलं भराभर खिळे काढत होती. भिंत चौकटींत सुटली, चौकटी एकावर एक रचल्या गेल्या, दोऱ्यांनी बांधल्या गेल्या. बाहेर टेंपो मागे घेतला जात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या गावी हेच घर पुन्हा उभं राहणार, आणि संध्याकाळी आवली पुन्हा तिथे गाणार. एका मुलानं आत्याकडे पाहून विचारलं, "आवडलं का आजी?" आत्या म्हणाली, "पाय बरा झाला का रे तिचा?" तो हसला नाही. "होय आजी," म्हणाला, आणि फळी उचलून गेला.

रात्री परतताना रिक्षात ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती. तिच्या सासूची एक ओवी, रुक्मिणीच्या रुसव्याची. पहिले दोन शब्द यायचे आणि वाट बुजायची. "तोंडावर आहे गं," म्हणून ती कपाळाला हात लावायची.

मेंदूचं विज्ञान याविषयी काही सांगतं. पक्षाघातानं वाचा गेलेले काही रुग्ण, ज्यांना "पाणी" म्हणता येत नाही, ते ओळखीचं गाणं मात्र शब्दांसकट म्हणू शकतात. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात यावरून एक उपचारच बसवला: रुग्णाला साधी वाक्यं सुरात म्हणायला लावायची, आणि प्रत्येक अक्षराबरोबर त्याच्या डाव्या हातानं ताल धरायचा. सूर आणि हाताची हालचाल मिळून शब्दांना दुसऱ्या वाटेनं बाहेर आणतात. हे मी आत्याला सांगितलं नाही. रात्र झाली होती.

सकाळी चहा झाल्यावर ती ओसरीवर पाय पसरून बसली होती. मी आतून पाहिलं तर तिचा उजवा हात हलत होता. मूठ वळलेली, समोरच्या हवेत गोल, सावकाश, थोडा जोर लावून, जसा दाणा भरडताना लावतात. ओठ मिटलेले. तीन-चार फेरे झाले आणि ओवी आली. अख्खी आली. आवाज चिरका, दम तुटका, पण शब्द एकाला एक लागून येत होते, हाताच्या मागोमाग. दुसरी आली, तिसरी आली. मग ती थांबली. मला वाटलं, विसरली.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढची समोरचीनं उचलायची असते. जात्यावर दोघी लागतात गं," ती म्हणाली. हात तसाच फिरत होता.

मी तिच्यासमोर बसले आणि मूठ तिच्या मुठीवर ठेवली.